रंगनाथचं खुरपं

निफाडच्या शिवारात रंगनाथच्या मळ्यात तणाची काडी सापडणं मुश्किल. माणूस द्राक्षबाग अंगणासारखी ठेवायचा. तण दिसलं की त्याचं डोकंच फिरायचं.

गोठा धुतलेलं पाणी मात्र तो खुशाल बांधाकडे सोडून द्यायचा. ते मुरत मुरत शेजारच्या पुंजारामच्या विहिरीत उतरलं आणि विहिरीला वास सुटला. लहानपणापासूनच्या या दोस्तानं मग रंगनाथकडचा चहा सोडला, बोलणंही सोडलं. रंगनाथ वरवर ऐट दाखवायचा, पण एकट्यानं प्यायलेला चहा त्याला गोड लागेना.

शेवटी सून पूजानं मनावर घेतलं. गोठ्याखाली लांबट खड्डा खणून तिनं प्लास्टिक अंथरलं, खडी भरली आणि खडीत ओढ्याकाठी वाढतं ते उंच गवत, पाणकणीस लावलं. गोठ्याचं पाणी आधी एका टाकीत यायचं, तिथं गाळ खाली बसायचा आणि मग पाणी त्या खडीतून हळूहळू सरकायचं. मुळांशी वाढलेले जिवाणू त्यातली घाण खायचे. पाणकणीस डोक्याइतकं उंच झालं, तसं पलीकडच्या नळीतून बिनवासाचं पाणी पडू लागलं. पूजानं पुंजारामला बघायला बोलावलं. तो उद्या येतो म्हणाला.

रंगनाथ हरखला. एरवी तो गोठ्याखाली फिरकायचा नाही, पण सकाळी बघतो तर पाहुण्याच्या वाटेवरच हे एवढं रान माजलेलं. सुनेचं बोलणं त्यानं एका कानानं ऐकलं होतं. पाणी खडी गाळते, गवत आपलं उगवलंय, अशी त्याची पक्की समजूत. त्यानं सगळं मुळासकट उपटलं आणि सवयीनं बांधापलीकडे फेकलं.

पुंजाराम आला तो पाणकणसाचा भारा डोक्यावर घेऊनच.

"रंग्या, आधी तुझं पाणी माझ्या विहिरीत, आता तुझं तण माझ्या बांधावर. तुला काही लाज हाय का नाय?"

पूजानं भारा पाहिला, बोडकी खडी पाहिली आणि कपाळाला हात लावून ती सासऱ्याला म्हणाली, "दादा, पाणी तर तेच साफ करत होतं."

रंगनाथचं तोंड एवढंसं झालं. ते बघून पुंजारामला हसू आवरेना. मग दोघं म्हातारे दुपारपर्यंत पाणकणीस परत लावत बसले.

त्यानंतर पुंजाराम रोज सकाळी रंगनाथच्या खुरप्यावर नजर ठेवायला येऊ लागला. चहा ओघानंच आला.

काही महिन्यांनी पाणी पुन्हा निवळलं, विहिरीचा वासही गेला. पुंजाराम कप खाली ठेवत म्हणाला, "आता तू सुधारला. उद्यापासून राखणीची काय गरज नाय."

 पुंजाराम बांधापर्यंत पोचतो न पोचतो, तोच रंगनाथनं खुरपं उचललं, त्याला नीट दिसेल असं उभं राहून एक पाणकणीस उपटलं आणि बांधापलीकडे भिरकावलं.