काळी दरी

नीलिमाला आभाळ आणि सावलीतली दरी दोन्ही नीट टिपणारा कॅमेरा हवा होता. जुन्याला शिव्या घालत तिनं सांगलीच्या दुकानदाराला त्यातला शेवटचा फोटो दाखवला. वर तांबडं आभाळ, खाली दरी काळीठिक्कर.

त्या संध्याकाळी साताऱ्याच्या पठारावर नवरा, प्रशांत, भांडून पुढं निघून गेला असं समजून ती फुगून फोटो काढत बसली होती. सकाळी तो दरीत सापडला. पडल्या क्षणीच गेला असणार, अशी सगळ्यांनी तिची समजूत घातली.

"ताई, नवा कशाला? काळोखातलंबी ह्यात आलंय," म्हणत दुकानदारानं कॉम्प्युटरवर सावली उजळत नेली. झुडपं दिसली. कपारीत हात वर केलेला प्रशांत दिसला.

"कुणाला हाका मारत्यात वो हे?" दुकानदारानं विचारलं.