निळ्या चिठ्ठीचा कोट

आर्लिसने दोन्ही हातांनी हँगर बाजूला रेटले आणि मधला तपकिरी कोट ओढून बाहेर काढला. बाहेरून जाड कापड, आतून मेंढीची लोकर, आणि बाहीला लटकणारी निळी चिठ्ठी. आज निळ्या चिठ्ठीचा माल अर्ध्या किमतीत होता.

"व्हर्ना! अगं इकडे ये लवकर! ऑरिनच्या कोटाचा जुळा भाऊ सापडला!"

तिच्या नणंदेने पलीकडच्या रांगेतून डोकं वर काढलं.

"घे की मग. बर्फ उपसून उपसून त्याचा तो कोट पार विटलाय. लग्नात एकदा माझ्या भावाच्या अंगाला नवं कापड लागलं, पुढे पडला बिचारा तुझ्या हाती!"

"आणि तुझ्या अंगावरचा स्वेटर गं? तो कुठला?"

"असल्याच दुकानातला," व्हर्ना म्हणाली आणि दोघी लहान मुलींसारख्या खिदळल्या.

दर वर्षी बर्फ पडायच्या आधी एक अख्खा दिवस त्यांचा असायचा. थर्मासात कॉफी, कागदात गुंडाळलेले अंड्याचे सँडविच, आणि गावोगावची जुन्या वस्तूंची दुकानं. त्यांचा रस्ता ठरलेला होता. सरोवरापलीकडच्या या गावात त्या कधी आल्याच नव्हत्या. चर्चच्या बायकांनी इथल्या बंद पडलेल्या किराणा दुकानात हे दुकान थाटलंय आणि आज भाव पाडलेत, असं व्हर्नाला कुणीतरी सांगितलं, म्हणून ऐन वेळी त्यांनी गाडी इकडे वळवली होती.

घरात अडगळ वाढवते म्हणून ऑरिन या दिवशी हमखास कुरकुरायचा. आज मात्र त्याने सकाळीच गाडीत पेट्रोल भरून आणलं होतं. काचा पुसल्या होत्या. निघताना खिडकीशी वाकून म्हणाला होता, "सावकाश या. अंधार पडला तरी काही बिघडत नाही." आर्लिसला तेव्हा बरंच वाटलं होतं. म्हाताऱ्याला उशिरा का होईना शहाणपण आलं, असं ती वाटेत व्हर्नाला म्हणालीसुद्धा होती.

ट्रॉलीत टाकण्याआधी तिने सवयीने कोट तपासायला घेतला. खिसे उलटे केले, काखेतली शिवण ओढून पाहिली, बटणांवरून बोट फिरवलं. वरून दुसऱ्या बटणापाशी बोट अडलं. ते बटण गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेलं होतं. गोठलेल्या सरोवरावरच्या झोपडीत ती आणि ऑरिन मासे धरायला बसले असताना ते तुटलं होतं, जवळ दुसरा दोरा नव्हता, आणि तिनेच ते तिथल्या तिथे टाचून दिलं होतं.

"काय गं? कसर लागलीय का?" व्हर्ना जवळ आली. आर्लिसने नुसता कोट पुढे केला. व्हर्नाने बटण पाहिलं. पाठीवर कुंपणाच्या तारेने फाटलेली जागा पाहिली, आणि तिचा चेहराच बदलला.

"हा तर त्याचाच आहे. आर्लिस, तू हा देऊन टाकलास? हिवाळा तोंडावर आलाय आणि माझ्या भावाच्या अंगावरचा कोट देऊन टाकलास?"

"मी नाही दिला."

"मग काय पाय फुटले त्याला?"

"नाही गं दिला मी! शपथ!"

गल्ल्यावरच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी चष्मा वर केला. "तो कोट होय? तो एका आजोबांनी स्वतः आणून दिला हो. कोट, बूट, कानटोपी, सगळं कसं धुऊन, घड्या करून. मी म्हटलं, अहो, थंडी येतेय, राहू द्या. तर म्हणाले, यंदा नाही लागायचं." त्या हसल्या. "मला वाटलं, फ्लोरिडाला चालले असतील. इथली निम्मी म्हातारी माणसं हिवाळ्यात उबेला तिकडेच पळतात."

ऑरिन फ्लोरिडाला जाणारा माणूस नव्हता. उन्हाळ्याच्या शेवटी तो एकटाच शहरातल्या डॉक्टरकडे जाऊन आला होता आणि "सगळं ठीक आहे" म्हणून थेट गोठ्यात गेला होता. तिने पुढे विचारलं नाही. विचारायची भीतीच वाटली होती तिला. गेल्या आठवड्यात त्याने तिला घर तापवायची तळघरातली भट्टी पेटवायला शिकवली. आपण बाजूला उभा राहिला आणि तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतली. ती वैतागून म्हणाली होती, "तू आहेस ना घरात, मला कशाला हा ताप?" त्यावर त्याने काडेपेटी पुन्हा तिच्या हातात दिली होती.

 आर्लिसने कोट छातीशी धरला.

"फोन कर," व्हर्ना म्हणाली. तिच्या आवाजात आता टोमणा नव्हता. "आत्ता कर. मी गाडी काढते."

बाईंनी न विचारता गल्ल्यावरचा फोन पुढे सरकवला. पलीकडे घंटी वाजत राहिली. आर्लिसने डोळे मिटले. थांबेल आता, असं वाटत असतानाच कुणीतरी उचलला.

"हॅलो?" ऑरिनला धाप लागली होती.

"मी बोलतेय."

"इतक्यात? काय झालं? गाडी बंद पडली का?"

तिला ओरडायचं होतं. डॉक्टर काय म्हणाला ते विचारायचं होतं, मला दिवसभर घराबाहेर काढून एकटा काय करणार होतास ते विचारायचं होतं. पण यातलं काही विचारलं तर तो फोन ठेवून देईल, एवढं ती त्याला ओळखत होती.

"गाडी ठीक आहे. इकडे वारा सुटलाय रे. तिकडे?"

"इथेही आहे."

"कोट घातलास का?"

 लोकरीत रुतलेली आपली बोटं आर्लिस बघत राहिली.

"घातलाय," ऑरिन म्हणाला.

"मग मी येईपर्यंत काढू नकोस. निघालेच मी."

"अजून ऊन आहे, आर्लिस. फिरा की दोघी."

"नाही. तू घरात टेबलापाशी बस, आणि कोट काढू नकोस. ऐकतोयस ना?"

तिने दोनदा त्याचं नाव घेतलं. बाहेर व्हर्ना हॉर्न वाजवत होती.

"नाही काढत," तो म्हणाला.