चौदा नंबरचा करपा

दिपमालाने शुक्रवारी सकाळी केळीच्या पानांचे फोटो तपासायला धाडले आणि दुपारचा डबा उघडायच्या आत सहाशे फोटोंची उत्तरं हजर! सहाशेच्या सहाशे पानं निरोगी. पानं वाळवणाऱ्या करप्याचा एक ठिपका नाही. अहो, फैजपूरच्या केळीत, पावसाळा नुकता सरलेला, करप्याचा ऐन हंगाम असताना! दिपमालाने डबा तसाच बाजूला सारला.

जळगावात कन्हैयालालशेठचं खतं-औषधांचं दुकान. त्याच्या वरच्या माळ्यावर त्यांच्या मुलाने, श्रेयांसने, दोन कॉम्प्युटर मांडून कंपनी थाटली होती. केळीच्या पानाचा फोटो काढला की करपा आहे का ते सांगणारं अ‍ॅप, ही कल्पना मात्र दिपमालाची. सोमवारी ते शेठना दाखवायचं होतं. पटलं तर पुढे चालू, नाहीतर दिपमाला पुन्हा खताच्या बिलांच्या प्रोग्रॅमवर. त्यात तिने दोन वर्षं घासली होती. परत तिथं तिला जायचं नव्हतं.

अ‍ॅपला शिकवायचं तर आधी माणसांनी फोटो बघून सांगायला हवं. त्यासाठी तिने नेटवरून एक छोटीशी फुकट कोड लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा गठ्ठा, उतरवून घेतली. चार ओळी लिहिल्या की काम लोकांच्या मोबाइलवर जातं आणि उत्तरं आली की लायब्ररीच ती तपासते. एक फोटो तिघांना, दोघांचं जुळलं की ते खरं, तिसऱ्याचं उत्तर रद्द. दहा उत्तरं रद्द झाली की त्या माणसाला कामावरून रामराम. फोटो तिने स्वतः फैजपूरच्या बागांतून फिरून काढले होते, आणि कामाला तिथल्याच बचत गटातल्या बायका घेतल्या. केळीतलं त्यांच्याहून जास्त कोणाला कळणार?

लायब्ररीने प्रत्येकीला एक नंबर दिला होता; त्या सगळ्यांत चौदा नंबर तेवढा वाकडा निघाला. दहा फोटोंवर ‘करपा’ लिहिलं, दहाही रद्द. लायब्ररीने लगेच निरोप धाडला, ‘आपले काम समाधानकारक नाही.’ खाली दिपमालाचा नंबर होता.

संध्याकाळी फोन वाजला. “तू कोन शे वं माले काढनारी?”

या भिकुबाई, म्हणजे चौदा नंबर. राहायला फैजपूरला, पण माहेर साक्रीकडचं. चाळीस वर्षांत सासरची केळी अंगवळणी पडली, सासरची बोली काही पडली नाही; तोंडात अजून माहेरची अहिराणीच.

शनिवारी पहिल्या एसटीने दिपमाला फैजपूरला पोचली. भिकुबाईंच्या ओट्यावर गटाच्या प्रमुख वच्छलाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. दिपमालाने त्यांच्यापुढे एक फोटो धरला. पान निम्मं वाळलेलं.

“अक्का, हे निरोगी?”

“करपाच आहे की! आंधळी आहे का मी?” वच्छलाबाई म्हणाल्या. “पण मागे ती निळी टाकी दिसते ना, तो जीवरामभाऊंचा मळा. त्यांच्या पोरीची सोयरीक चाललीय. आत्ता त्यांच्या बागेला नाव ठेवू?”

“आणि हा दुसरा?”

“ही रुपचंदची. त्याचा माल आठ दिवसांत कटाईला येईल. व्यापाऱ्याच्या कानावर गेलं म्हणजे?”

दिपमालाने कपाळावर हात मारला. ज्यांच्या बागा, त्यांच्याच शेजारणींना फोटो धाडले होते तिने! बायकांनी पान बघितलंच नव्हतं, घर बघितलं होतं.

“मग भिकुबाई, तुम्हीच कसं काय करपा लिहिलं?”

“त्या दहा फोटू मना बागना शेतस,” भिकुबाई कडाडल्या. “बठ्ठ्या बाया मना तोंडवर म्हनतस, बाग मस्त शे! मना बागमा करपा, तो मी नही सांगसू ते कोन सांगी?”

बसल्या जागी लॅपटॉप उघडून दिपमालाने एक ओळ बदलली आणि फैजपूरचे फोटो दूरच्या चोपड्याच्या बचत गटातल्या बायकांकडे धाडले. तिथे कोणाला कोणाच्या सोयरिकीचं पडलंय? रविवारपर्यंत उत्तरं आली. चोपडेकरणींनी इतक्या हौसेने करपा शोधला, की फैजपुरात एकही हिरवं पान शिल्लक राहीना! मग जिथे तिघींचं पटलं नाही, तिथे शेवटचा शब्द चौदा नंबरचा; स्वतःच्या बागेचाही करपा न लपवणारी ती एकटीच होती. भिकुबाई पुन्हा कामावर आल्या, त्याही वरच्या जागेवर.

रात्रभर दिपमालाने ती उत्तरं अ‍ॅपला शिकवली आणि सोमवारी शेठ माळ्यावर आले. दिपमालाचे फोटो त्यांनी बाजूला सारले आणि स्वतःचा मोबाइल काढला. “हा माझ्या शेतातला. बघू काय म्हणतं तुमचं यंत्र.”

यंत्र म्हणालं, करपा.

श्रेयांसने दिपमालाला डोळ्याने खुणावलं आणि घाईघाईने म्हणाला, “अजून शिकतंय ते, पप्पा. चुकतं कधी कधी.”

दिपमालाने फोटो मोठा करून बघितला. पान कडेने वाळत आलेलं होतं. ‘हो’ म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं! तिला बिलांचा तो प्रोग्रॅम दिसत होता, आणि भिकुबाईंचा ओटाही.

“चुकलं नाही, शेठ,” ती म्हणाली. “करपाच आहे.”

शेठनी मोबाइल खाली ठेवला. मग हळूच खुर्चीत बसले.

“महिनाभर दुकानातल्या एकेकाला हे पान दाखवतोय,” ते म्हणाले. “सगळ्यांचं एकच, शेठ, बाग फर्स्ट क्लास! हजारो लोकांना मी करप्याचं औषध विकतो, आणि माझ्या बागेत करपा आहे हे मला एक माणूस सांगेना.” त्यांनी श्रेयांसकडे पाहिलं. “तूसुद्धा.”



“अ‍ॅप चालू ठेवा,” शेठ म्हणाले. “आणि पोरी, माझी बाग वाचेल का, तेही खरं सांग.”

“ते मला नाही सांगता येणार, शेठ,” दिपमाला म्हणाली. “चौदा नंबरला विचारते.” आणि तिने फोन लावला.