न बघता काढलेलं चित्र

सोपानराव पेंटर माणूस रंगवायला बसले की मी दुकान तसंच उघडं टाकून बघायला जायचे. न्हावरे फाट्यावर त्यांचं पत्र्याचं शेड आणि माझं दुकान समोरासमोर, मधे फक्त शिरूरला जाणारा रस्ता. दुकान म्हणजे चहापावडर, बिस्किटं आणि दोरीवर टांगलेली हिंदी कॉमिक्स. ती मी पोरांना भाड्यानं वाचायला द्यायचे. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले. पुढचं जे काही शिकले ते त्या दोरीवरचं, त्यामुळं माझ्या हिंदीत बरेच राक्षस आणि स्फोट आहेत.

तेव्हा आमच्याकडं फ्लेक्स आलेला नव्हता. यात्रेतल्या कुस्त्यांचे फलक लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून हातानं रंगवायचे. मच्छिंद्र पैलवान लंगोट लावून शेडमध्ये उभा राहायचा. सोपानराव एक डोळा मिटून, ब्रशची दांडी लांब धरून त्याला मापायचे. खांदे, बरगड्या, मांडीवरची फुगलेली शीर. बघता बघता कोऱ्या कापडातून एक माणूस बाहेर यायचा, खऱ्यापेक्षा दुप्पट उंच, आणि तो श्वास घेतोय असं वाटायचं. मच्छिंद्र चहा प्यायला दुकानात आला की मी त्याच्याकडं नव्यानं बघायचे, हे सगळं ह्या सदऱ्याखाली असतं होय, म्हणून.

त्या वर्षी यात्रेत पहिल्यांदाच मुलींची कुस्ती लागली. आमच्याकडून म्हस्कू आबांची ज्ञानेश्वरी, समोर दौंडकडची एक मुलगी.

म्हस्कू आबांनी मेंढरं विकून कांदा आणि ऊस धरला, तशी मेंढरं बसायची ती जागा मोकळी पडली. वर्षानुवर्षं खुरांनी तुडवलेली ती माती आबांनी उकरली, चाळली, तिच्यात ताक, हळद, लिंबू घातलं आणि लेकीसाठी कुस्तीचा हौदा केला. मुलगा नाही म्हणून पोरीला खेळवतोय, असं लोक म्हणायचे. मुलगा होता. त्याला कुस्ती आवडत नव्हती. लेकीला आवडत होती. एवढी साधी गोष्ट लोकांच्या गळी उतरत नव्हती.

मी एकदा दूध आणायला त्यांच्या वस्तीवर गेले, तर ज्ञानी मातीत होती. मच्छिंद्र तिला डाव दाखवायला आला होता. तिनं पाय रोवले मात्र, आणि मला वाटलं, जमीनच थोडी खाली दबली. सतरा वर्षांची पोर. मी किटली हातात धरून उभी राहिले आणि दूध घ्यायचं विसरून घरी आले.

यात्रेच्या आधल्या आठवड्यात सोपानराव माझ्याकडून एक कॉमिक घेऊन गेले. तळहातातून आगीचे लोळ फेकणारी एक बाई त्यात होती. पोरं तिला ‘आगवाली’ म्हणायची. पेंटरना वाचायला हवं असेल, असं मला वाटलं.

मग फाट्यावर फलक उभा राहिला.

डावीकडं मच्छिंद्र. पाय फाकून, छाती समोर, नजर समोर, जणू रस्त्यावरून येणाऱ्या एसटीलाच आव्हान देतोय. आणि उजवीकडं... बाईची पाठ आमच्याकडं होती आणि छातीही आमच्याकडं होती. कंबर मुठीत मावेल एवढी. मान मागं वळवलेली, ओठ अर्धे उघडे, एक पाय चवड्यावर. कपडे गळ्यापासून घोट्यापर्यंत होते, पण असे की अंगावर नुसता रंग फासलाय. खाली टपोऱ्या अक्षरांत, कुमारी ज्ञानेश्वरी, न्हावरे.

चित्र वाईट असतं तर बरं झालं असतं. ते सुंदर होतं. एकही रेष डळमळलेली नव्हती, पाठीवरून उतरणारा उजेड तर असा की हात लावून बघावा. मी थक्क होऊन बघत राहिले आणि त्याच वेळी वाटलं, ज्ञानीच्या नजरेला हे पडू नये.

कारखान्याला ऊस घेऊन निघालेले ट्रॅक्टर फलकापाशी हळू व्हायला लागले. शिट्ट्या ऐकू आल्या. मच्छिंद्रासाठी नव्हत्या.

दुपारी म्हस्कू आबा फाट्यावर पेंड न्यायला आले. गाडी स्टँडवर लावली, वर बघितलं. खालचं नाव त्यांनी ओठ हलवत वाचलं. उपरण्यानं तोंड पुसलं आणि पेंड न घेताच परत गेले.

ऊन उतरल्यावर ज्ञानीची आई, अनसाबाई, आल्या. बाकावर बसल्या, पण पाणी नको म्हणाल्या.

“कुशाबाई, ते तुमच्या पुस्तकातलं हाय म्हणं.”

“अंग पुस्तकातलं हाय, अनसाबाई. नाव तेवढं तुमच्या पोरीचं.”

“ह्यांनी यात्रेच्या कमिटीला सांगून टाकलं, पोरगी मातीत उतरायची न्हाई. ज्या गावानं तिला अशी टांगली, त्या गावापुढं म्या तिला उभी करू व्हय, म्हणं.”

“आन् ज्ञानी?”

“ती हौद्याच्या काठावर बसलीय नुसती. दोन वरसं झाली, एक दिस चुकली न्हाई. आता ही यात्रा गेली की पुढल्या साली स्थळं यायला लागत्याल. मग कुठली कुस्ती आन् कुठलं काय.”

त्या गेल्या. मी दोरीवरची सगळी कॉमिक्स उतरवली, कवेत घेतली आणि रस्ता ओलांडला.

सोपानराव स्टुलावर बसले होते, तोंड पडलेलं. त्यांच्याही कानावर आलं होतं.

“काय चुकलं माझं, वहिनी? अंगभर कपडे दिलेत तिला. मच्छिंद्र तर लंगोटावर हाय. त्याला कोण काय बोललं?”

त्यांचं बोलणं खरं होतं. उघडा होता तो पैलवान, आणि लाज वाटत होती झाकलेल्या पोरीची. मग हे होतं तरी काय?

आम्ही दोघं खाली बसलो आणि कॉमिक्स उघडून एकाशेजारी एक मांडली. शेडभर रंगीत पानं झाली. मी ती पुस्तकं कितीदा चाळली होती, पण कथेच्या घाईत. आता नुसती अंगं बघायला लागले तर वेगळंच जग दिसलं. उडणारा गडी जिकडं जायचंय तिकडं बघत होता. उडणारी बाई आपल्याकडं बघत होती. मार खाल्लेला गडी तोंडावर आपटला होता. मार खाल्लेली बाई अशी पडली होती, जशी कुणी तिच्याखाली आधीच चादर अंथरून ठेवलीय. गड्याचे दंड मोठे, कारण त्याला इमारत उचलायची होती. बाईनं इमारत उचलली तरी पाठीला बाक काढूनच. गड्याचं अंग त्याच्या स्वतःच्या कामाला होतं. बाईचं अंग बघणाऱ्याच्या कामाला. कुठल्या दूरच्या शहरात बसून कुणी काढलेली ती अंगं पुस्तकांत दुमडून आमच्या फाट्यापर्यंत आली होती, आणि कुणाला वाटेत एकदाही वाटलं नव्हतं की बाईचा कणा असा वळत नाही. त्या चित्रांतला हात केवढा तयारीचा! मला त्या हाताचं कौतुक आवरत नव्हतं आणि रागही.

“पेंटर, पण तुम्ही मच्छिंद्राला उभं करून काढता. ज्ञानीला का न्हाई केलं?”

सोपानरावांनी दोन्ही कानांना हात लावले. “काय बोलता, वहिनी! परक्याची लेक. तिच्याकडं टक लावून बघत बसू? ती समोरनं गेली तर मी मान खाली घालतो. पुस्तकातली बाई कुणाची लेक न्हाई, म्हणून तिच्यावरनं काढलं.”

मी बघतच राहिले. ह्या माणसानं पोरीचा मान राखायचा म्हणून तिच्याकडं बघितलं नव्हतं. आणि न बघितल्यामुळं सगळ्या तालुक्याला बघायला भलतंच देऊन ठेवलं होतं.

तेवढ्यात मच्छिंद्र आला, आपल्या चित्राच्या मिशीला पीळ कमी आहे ही तक्रार घेऊन.

“पैलवान,” मी म्हणाले, “मिशीचं नंतर. आधी त्या फलकावरच्या पोरीसारखं उभं राहून दाखवा.”

“मी?”

“लाजताय व्हय?”

“लाजतोय कशाला!” त्यानं सदरा काढून खुंटीला अडकवला. “बोला.”

“पाठ हिकडं.”

“ही केली.”

“बूड बी हिकडं. आता छाती हिकडं वळवा.”

“म्हंजी बूड तिकडं न्यायचं?”

“न्हाई. बूड हाय तिथंच. दोन्ही एकदम.”

“दोन्ही एकदम?” त्यानं फलकाकडं नीट बघितलं. “आयला, हाय की दोन्ही एकदम.”

शंभर किलोचा तो गडी वळायला लागला. मान लाल झाली. एक पाय चवड्यावर घेतला. “ओठ उघडे ठेवा,” मी म्हणाले. पाठीत कुठंतरी कट्‌कन वाजलं आणि मच्छिंद्र फळीला धरायला गेला तो फळीसकट खाली आला. रंगाचे डबे गडगडले. सोपानराव हसायला लागले, मी हसले, खाली पडलेला मच्छिंद्रही कंबर धरून हसला. आमचं हसू संपलं तेव्हा तो मात्र तसाच बसून फलकाकडं बघत होता.

“पेंटर,” तो हळू आवाजात म्हणाला, “ह्या पवित्र्यात मला वाऱ्यानं बी पाडलं असतं. कुस्तीला उभं राहायची ढब हाय का ही? ही पडायची ढब हाय. आन् ज्ञानीला पाडायला मला, मला, घाम फुटतो. ते तिचं पाय न्हाईत, पेंटर.”

सोपानराव उठले. पांढऱ्या रंगाचा डबा आणि रुंद ब्रश घेतला, शिडी लावली आणि रस्त्यावरच्या लोकांदेखत ते सुंदर चित्र वरपासून खालपर्यंत पांढरं करून टाकलं. एवढं चांगलं काम पुसायचं म्हणजे सोपं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तिघं वस्तीवर गेलो. सोपानरावांच्या काखेत पुठ्ठा आणि कोळशाच्या कांड्या. म्हस्कू आबा गोठ्याच्या दारात उभे होते. या म्हणाले नाहीत.

“आता कशाला आलासा? काढलं की एकदा.”

“न बघता काढलं, आबा,” सोपानराव म्हणाले. “म्हणून तसं झालं.”

“मग आता बघून काढणार? तेवढंच ऱ्हायलं हुतं.”

हौद्याच्या काठावर बसलेली ज्ञानी उठली. ढगळा टीशर्ट, ट्रॅकपँट, केस आवळून बांधलेले.

“आबा, मच्छिंद्रदादाला बघून काढलं, तवा त्याचं त्याच्यासारखं आलं. मला बी बघून काढू द्या. तुमच्याकडनं मी लपायला शिकलीय का?”

आबा हो म्हणाले नाहीत. पण दारातून हलून तिला अडवलंही नाही. ज्ञानीनं माती कपाळाला लावली आणि हौद्यात उतरली.

तिनं गुडघे वाकवले. हात पुढं घेतले, बोटं उघडी. खांदे खाली गेले, मान आखडली, आणि तिचं सगळं अंग एका जागी गोळा झालं. कंबर कुठं सुरू होते, छाती कुठं, हे बघायला तिथं जागाच नव्हती. जे होतं ते सगळं मिळून एकच काहीतरी होतं, झेपेच्या अलीकडं थांबलेलं. गोठ्यातली शेळी रवंथ करायची थांबली असं मला वाटलं. खरंच थांबली होती की नाही, देव जाणे.

सोपानरावांची मान अजून खालीच.

“वर बघा, काका,” ज्ञानी म्हणाली.

त्यांनी बघितलं. बराच वेळ कांडी पुठ्ठ्यावर टेकलीच नाही. मग त्यांनी एक डोळा मिटला, कांडी लांब धरली आणि माप घ्यायला लागले. देवळात गाभाऱ्यापुढं माणूस असतो ना, तसा त्यांचा चेहरा झाला होता. कोळसा करकरत होता. पोटऱ्या आल्या, मनगटं आली, भुवयांमधली आठी आली.

आबा कधी त्यांच्या मागं येऊन उभे राहिले, कळलं नाही. मान तिरकी करून बघत होते.

“डावा पाय चुकला,” ते म्हणाले.

सोपानराव थांबले.

“आत वळतो तिचा. लहानपणी मेंढरामागं काटा मोडला हुता टाचंत, तवापासनं. तितनंच जोर काढती ती.” त्यांनी वाकून बोटानं पुठ्ठ्यावर दाखवलं. “हितं. अजून आत. हां.”

मग पोरीकडं न बघता म्हणाले, “कमिटीला म्या सांगतो. ऊन चढायच्या आत मेहनत उरकून घे.”

यात्रेच्या दिवशी फलकावर दोघं एकाच मापाचे होते. ट्रॅक्टर तरीही हळू होत होते. एका पोरानं शिट्टीसाठी बोटं तोंडात घातलेली मी स्वतः बघितली. ती त्यानं तशीच बाहेर काढली आणि पँटला पुसली.

कुस्त्या बघायला आमच्याकडच्या बायका कधी जात नसत. त्या दिवशी मैदानाच्या कडेला रिकाम्या ट्रॉल्या लावल्या होत्या, त्यावर आम्ही दाटीवाटीनं चढलो. दौंडची पोरगी उतरली. तिचं चित्र कुणी काढलं नव्हतं, आणि तीही अशी उभी राहिली की मी टाचा उंचावून बघायला लागले. मग ज्ञानी आली. तिनं मांडीवर शड्डू ठोकला. तो आवाज मी गड्यांच्या हातचा लांबून जन्मभर ऐकला होता.

दोघी भिडल्या. एवढं मोठं मैदान, पण मातीत पाय घासल्याचा आवाज ट्रॉलीवर ऐकू येत होता. अनसाबाईंनी माझा दंड धरला होता, नखं रुतत होती. लेक खाली गेली, माती खाऊन वर आली, पुन्हा भिडली.

“बघवंना,” अनसाबाई म्हणाल्या, आणि डोळे काही मिटेनात.