अकरा डाग, साठ वेळा

वहिनींच्या हातून कापडावर डाग पडल्याचं गेल्या सव्वीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. मंजिष्ठेच्या मुळ्यांच्या पिंपात शाल शिरली, की या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच लाल घेऊन बाहेर यायची. त्यासाठी त्या पाऊण तास काठी फिरवत राहायच्या. मधे कुणी हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत. शेजारणी याला घमेंड म्हणत. नवरा मागावर बसल्या बसल्या सांगे, "पिंपाशी असताना तिला बोलावू नका. मी लग्नापासून बोलावलेलं नाही."

एवढं करून शालीवर नाव लागे ते दुकानाचं. त्यामुळे मॅडमनी यंदाच्या प्रदर्शनात प्रत्येक शालीच्या लेबलावर रंगवणाऱ्याचं नाव छापायचं ठरवलं, तेव्हा वहिनी वरवर "नावाचं काय एवढं" म्हणाल्या आणि आत जाऊन त्यांनी आपलं नाव चार वळणांत लिहून पाहिलं. चौथं पसंत पडलं. तो कागद त्यांनी मॅडमच्या हाती दिला.

मॅडम म्हणजे शाश्वत वस्त्रांच्या डिझायनर. नमुन्याच्या सहा शाली बघायला आल्या, तेव्हा अंगावरचं कापड इतकं चुरगळलेलं होतं, की नवऱ्याला वाटलं बाई गाडीतच झोपल्या होत्या. त्यांनी शाल उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि चेहरा पाडला. फारच एकसारखी झाली म्हणे. गिऱ्हाईक म्हणेल, कारखान्याचा रंग.

"झाडाचा रंग आहे ना? मग थोडं झाड दिसायला हवं."

वहिनींनी मुळ्या दाखवल्या, पिंप दाखवलं, लाल झालेली नखं दाखवली. मॅडमना स्वतःला शंका नव्हतीच. पण गिऱ्हाईक काही नखं बघायला इथवर येणार नव्हतं.

निघताना त्यांची नजर दारातल्या सायकलवर गेली. सीटवर एक जुनी शाल गुंडाळलेली होती. ती भावजींची करणी. भावजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर, माणूस गोड आणि कामात तितकाच बेभरवशाचा. वहिनी तापानं पडल्या होत्या तेव्हा त्यांनी एक दिवस पिंप सांभाळलं, म्हणजे शाल बुडवली आणि चहाला गेले. चहा लांबला. शाल जिथे दुमडली तिथे पांढरट राहिली, तळाला टेकली तिथे काळपट झाली आणि एका कोपऱ्यात तुरटीच्या ओल्या हातानं धरल्याचा गडद अंगठा उठला. तेव्हापासून भावजींना पिंपापासून चार हात लांब उभं राहायचा हुकूम होता.

मॅडम सायकलसमोर चक्क मांडी घालून बसल्या.

"हे कोणी केलं?"

"मी," भावजी म्हणाले. एरवी या प्रश्नाला ते मांजराकडे बोट दाखवत.

रंगवताना मनात काय होतं, असं मॅडमनी विचारलं. भावजींनी खरं ते सांगितलं, चहा. मॅडमनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, अशा साठ शाली हव्यात, अगदी अश्शाच. आमंत्रणावर हिचाच फोटो जाणार, तेव्हा डाग इकडचा तिकडे झालेला चालणार नाही. नाव अर्थात भावजींचं. वहिनींचा कागद त्यांनी पर्समधून काढून परत दिला, छान घडी घालून.

भावजींनी कंबर कसली. आयुष्यात पहिल्यांदा मन लावून काम केलं आणि तेच नडलं. सरावाला घेतलेल्या पहिल्या तीन शालींवर डागच पडेना, रंग बऱ्यापैकी एकसारखा बसला. मग मुद्दाम चहाला जाऊन पाहिलं, तर डाग भलतीकडेच. चौथ्या दिवशी ते वहिनींसमोर येऊन उभे राहिले.

"वहिनी, माझी चूक मलाच जमत नाहीये."

नवऱ्यानं पोटाला चिमटा काढून घेतलेल्या सुतातून प्रदर्शनासाठी आधीच साठ शाली विणून ठेवल्या होत्या, त्यांच्याकडे वहिनींनी एकदा बघितलं. मग सायकलवरची शाल सोडली, धुतली, वाळवली आणि टेप लावून मोजली. डाग अकरा, ओघळ तीन, अंगठा एक. कुठे घडी, कुठे लाकडी चिमटा, कुठे दगडाचं वजन, सगळं ठरलं आणि पिंपातली काठी पहिल्यांदाच भिंतीला टेकून उभी राहिली. साठ शाली अशा निघाल्या, की एकीवर एक ठेवली तर डागावर डाग बसावा. भावजींच्या वाट्याला उरला तो अंगठा. तोही वाकडा टेकू नये म्हणून वहिनींनी दर वेळी त्यांचं मनगट धरलं.

शाली जायच्या दोन दिवस आधी लेबलं आली. सुती फितीचे तुकडे, त्यांवर तपकिरी शाईत भावजींचं नाव. सोबत मॅडमचा निरोप होता, की लेबलं पांढरीफटक बरी दिसत नाहीत, झाडाच्या कुठल्याही रंगात एकदा बुडवून, शिवूनच ठेवा.

"कुठल्याही" या शब्दापाशी वहिनी जरा थांबल्या. मग त्यांनी निळीच्या पिंपावरचं झाकण काढलं, काठी हातात घेतली आणि लेबलं सात वेळा बुडवली. भावजींनी दोनदा हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मॅडम शाली न्यायला आल्या. डागांवर खूश झाल्या, अंगठ्यावरून बोट फिरवलं. मग लेबल हाती आलं. उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच निळा; फिकट ठिपका म्हणून सापडेना.

"अहो, यावर नाव होतं ना?"

"झाडाचा रंग आहे मॅडम," वहिनी हात पुसत म्हणाल्या. "थोडं झाड दिसणारच."

मागावरचा धोटा क्षणभर थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.