ताईंचं वजन

आमच्या घरात मोजायच्या टेपा दोन, तराजू मात्र एकही नाही. नवरा सुतार, मी शिवणकाम करते. त्याची टेप खिशात, माझी गळ्यात. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण अमुक वस्तूचं वजन किती असेल, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. लांबी, रुंदी, उंची जमली की वस्तू मावते, आणि मावली की झालं. पुढचा गोंधळ आमच्याच घरात व्हायचा होता.

आम्ही एक जुनी व्हॅन घेतली होती. चार महिने गाडीतच राहायचं, गाडीतच रांधायचं, डांबरी रस्ता संपला तरी कच्च्या वाटेनं पुढे जायचं आणि डोंगर, वाळवंट ओलांडून पलीकडचा समुद्र गाठायचा, असा बेत. म्हणायला तिघांचा, पण खरा ताईंचा. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. एकतीस वर्षं त्यांनी पोस्टाच्या खिडकीत बसून पार्सलं तोलली. शेकडो गावांच्या नावांवर शिक्के मारले आणि त्यातलं एकही गाव पाहिलं नाही. यजमान गेल्यावर तीन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे राहायला आल्या. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: "माझं ओझं नको गं तुम्हाला." जेवताना तेच, आजारी पडल्या तरी तेच. मला त्या वाक्याची चीड येते. मी तोंडानं फटकळ आहे, त्यामुळे "पुरे झालं आता" एवढंच म्हणते. माया वगैरे बोलून दाखवणं मला जमत नाही.

सहा महिने नवरा गाडीत खपत होता. भरीव लाकडाचं कपाट केलं, खणांची रांग केली, पलंग केला. सांध्यात पोस्टकार्ड जाणार नाही असं काम. ताई एकदा म्हणाल्या, "बाळ्या, हे सगळं किती किलो झालं रे?" पंचावन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारं जगात एवढंच एक माणूस उरलंय.

"अगं, मावतंय की!" बाळ्या म्हणाला. ताईंनी विषय सोडला. दुसऱ्याच्या घरात जास्त बोलू नये, असा त्यांचा नियम आहे. माझ्याच नणंदेनं माझ्या घराला दुसऱ्याचं घर समजावं!

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी हवा भरायला गेलो. टायरवाल्यानं गाडीकडे एकदा पाहिलं आणि मागच्या चाकापाशी उकिडवा बसला.

"गाडी मागून बसलीय," तो म्हणाला. "वजन केलंत का?"

"कशाचं?" माझा नवरा.

"गाडीचं, साहेब. भरलेल्या गाडीचं." त्यानं आमच्याकडे असं पाहिलं की मला आम्ही दोघं शाळेतून पळालेली पोरं वाटलो. पुढच्या वळणावर खडीच्या ट्रकांचा वजनकाटा होता. तिकडे त्यानं बोट दाखवलं.

काट्यावर चाळिशीची एक बाई होती. खिडकीतून मान बाहेर काढून ती म्हणाली, "सगळे बसून राहा. उतरू नका." आधी पुढची चाकं काट्यावर घेतली, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. तिनं आमचे कागद मागून घेतले आणि एका चिठ्ठीवर आकडे लिहिले.

"कागदावर रिकामी गाडी एकवीसशे ऐंशी. भरून जास्तीत जास्त तीन हजार. म्हणजे तुम्हाला आठशे वीस किलोची मुभा. आत्ता गाडी आहे बत्तीसशे चाळीस. दोनशे चाळीस किलो जास्त. त्यातही मागचा आस, म्हणजे मागच्या चाकांचा दांडा, अठराशे पेलतो, त्यावर तुम्ही दोन हजार दहा टाकलेत."

"पण सगळं मावलंय," नवरा पुटपुटला.

"मावतं ते वेगळं आणि पेलतं ते वेगळं," ती म्हणाली. "गाडी आज चालेल हो. उतारावर ब्रेक लावाल तेव्हा कळेल. आणि तुमच्या त्या मुभेत कपाट, भांडी, अंथरूणच नाही, पाणीसुद्धा येतं. लिटरला किलो. माणसंही येतात."

माणसं! आम्ही सामानाची चार पानी यादी केली होती, त्यात माणसं कुठेच नव्हती. मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. आमच्या तोंडचं पाणी पळालं.

आणि तेवढ्यात पुढच्या सीटवरून ताई अगदी शांतपणे म्हणाल्या, "मग मी उतरते. माझं ओझं कमी होईल. तुम्ही दोघं जाऊन या, मला फोटो दाखवा."

मला भयंकर संताप आला. त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता, हे मला जास्त लागलं. जणू त्या तीन वर्षं हे वाक्य म्हणायची वाटच पाहत होत्या. नवरा "असं कसं, असं कसं" करत राहिला. मी म्हटलं, "घरी चला. आधी सामान उतरवू."

अंगणात सगळं बाहेर काढलं. आता प्रश्न पडला की कशात किती वजन आहे. मी टेप गळ्यात घालून उभी, तो टेप खिशात घालून उभा. ताई पायरीवर बसल्या होत्या. मी भांड्यांची पेटी उचलली, तशा त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ती अकरा किलो आहे. त्यात काही राम नाही, राहू दे. कपाटाचं बघा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू कशी उचललीस त्यावरून," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं दुसरं काय केलं?"

मग त्या उठल्या. एकेक वस्तूला हात लावायचा, किंचित उचलून पाहायची आणि आकडा सांगायचा. मला विश्वास बसेना. मी शेजारून माणसांचं वजन करायचा काटा आणला आणि नवऱ्याची हत्यारांची पेटी त्यावर ठेवली. ताई म्हणाल्या होत्या सेहेचाळीस. काट्यावर साडेसेहेचाळीस. "कुठेतरी एक पटाशी जास्त ठेवलीय त्यानं," त्या म्हणाल्या. नवऱ्यानं खाली मान घालून पेटीतून पटाशी काढल्यासारखं केलं आणि तिघंही हसलो. त्या दिवसातलं ते पहिलं हसू.

कपाट पंच्याऐंशी किलो. नवऱ्यानं त्याच्या दारावरून एकदा हात फिरवला, मग स्क्रू काढायला घेतले. खणांची रांग निघाली, अडतीस. हत्यारांतली बारा किलो ठेवली, बाकी परत. पाण्याची शंभर लिटरची टाकी काठोकाठ भरलेली होती. ताई म्हणाल्या, "वाटेत नळ नाहीत का? चाळीस लिटर ठेवा." तिसरं जादा चाकही निघालं. कपड्यांसाठी कापडी पिशव्या टांगायच्या ठरल्या.

"आणि हे काय आहे?" पलंगाखाली चादरीत गुंडाळलेल्या वस्तूला पाय लावून ताईंनी विचारलं. ते माझं शिलाई मशीन होतं. यादीत नव्हतं. कुणाला कळणार, म्हणून मी लपवलं होतं.

"चौदा," ताई म्हणाल्या.

"चौदा," मी कबूल केलं आणि ते घरात नेऊन ठेवलं. चोराच्या उलट्या बोंबा मारायला तोंडच उरलं नव्हतं.

दुपारी पुन्हा काट्यावर गेलो. मी मागे अंथरुणांच्या ढिगामागे बसले होते, मला पुढचं काही दिसत नव्हतं. गाडी थांबली, पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. "चिठ्ठी घ्यायला जाते रे," असं ताई म्हणाल्याचं ऐकलं. मी विचार केला नाही. देव पाण्यात घालून बसायची वेळ होती, विचार कसला करते.

"एकोणतीसशे चाळीस!" काटेवाली ओरडली. "मागचा आस सतराशे चाळीस. पास!"

माझा जीव भांड्यात पडला. नवऱ्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले. मी उशांवरून पुढे वाकून ताईंचा खांदा धरायला हात घातला, तर सीट रिकामी. खिडकीतून पाहिलं तर त्या काट्याबाहेर, भिंतीला टेकून उभ्या. पर्स छातीशी धरलेली. चिठ्ठी घ्यायला खिडकीपाशी गेल्याच नव्हत्या.

मी खाली उडी मारली.

"ताई, तुम्ही उतरलात?"

"एकोणतीसशे चाळीस आलं ना? झालं की," त्या म्हणाल्या. "माझे पन्नास त्यात धरले आणि आकडा वर गेला, तर? म्हटलं, आधी तुमचं नक्की होऊ दे."

"एकतीस वर्षं लोकांना ग्रॅमचीही सूट दिली नाहीत, आणि आज स्वतःच काट्यावरून उतरलात?" माझा आवाज चढला. काटेवाली खिडकीतून बघत होती, बघू दे. "ऐका. आकडा वर गेला तर मी पलंग काढीन. पलंग काढून भागलं नाही तर जमिनीवर झोपीन. तेही नाही जमलं तर आपण जाणारच नाही. तुमच्याशिवाय मला जायचं नाही. तुम्ही मला हव्या आहात. कळलं? तीन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं, माझ्या तोंडाला कुलूप होतं. चला, बसा."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग गाडीत चढल्या, पट्टा लावला आणि पर्स मांडीवर ठेवली. मीही मागे जाऊन बसले. नवऱ्यानं गाडी थोडी मागे घेऊन पुन्हा काट्यावर आणली. आम्ही तिघंही श्वास रोखून. श्वासाचं वजन नसतं, पण त्या वेळी तेवढी अक्कल कुणाला होती.

काटेवालीनं मुद्दाम वेळ लावला, असं मला अजून वाटतं.

"एकोणतीसशे नव्वद," ती म्हणाली. "तिघांसकट."

नवरा रडायला लागला. मोठ्यानं, हुंदके देत. पंच्याऐंशी किलोचं कपाट मोडताना डोळा ओला न झालेला माणूस! मीही रडले, पण अंथरुणांच्या आड. ताई तेवढ्या कोरड्या होत्या. बोटांवर त्या काहीतरी हिशेब करत होत्या.

"दहा किलो उरले," त्या म्हणाल्या.

"हो," नवरा नाक पुसत म्हणाला.

"मग बाळ्या, माझी घडीची खुर्ची घे. साडेचार किलो आहे. पाणी पाच लिटर कमी भर." मग म्हणाल्या, "समुद्रासमोर मला नीट बसायचंय."