वॉशिंग्टनचा कोपरा

आमच्या गावात दर फेब्रुवारीत एका शनिवारी वाचनालयात सगळे जमतात आणि सर्वांत थोर राष्ट्राध्यक्ष कोण याचा निकाल लावतात. पद्धत आमच्या आयोवा राज्यात पक्षाचा उमेदवार निवडतात तीच. प्रत्येक कोपऱ्यात एकेका राष्ट्राध्यक्षाच्या नावाचा कागद, आणि ज्याला जो पटेल त्याने तिथे जाऊन उभं राहायचं. सहा माणसं जमली नाहीत तर तो कोपरा बाद, मग तिथल्यांनी दुसरीकडे जायचं. दर वर्षी लिंकन जिंकतो, कारण त्या कोपऱ्यात माझा नवरा व्हर्लिन उभा असतो आणि व्हर्लिन चोवीस वर्षं गावाचा नगराध्यक्ष आहे. चारित्र्य, धीर, दूरदृष्टी असं त्याचं सुरू झालं की लोकांची कॉफी गार होते.

मागच्या हिवाळ्यात बर्फ काढणारी गाडी बंद पडली, तेव्हा हा सत्तरीचा माणूस स्वतः फावडं घेऊन गेला आणि छाती धरून रस्त्यातच बसला. इस्पितळात माझा हात धरून म्हणाला, "आर्डिस, नगराध्यक्ष म्हणून ही शेवटची खेप." आणि या शनिवारी सकाळी पावाला लोणी लावता लावता म्हणतो, "नोव्हेंबरच्या निवडणुकीला पुन्हा उभा राहतोय. माझ्याशिवाय आहे कोण?" माझं डोकंच फिरलं. शेहेचाळीस वर्षं मी या माणसाला समजावतेय आणि शेहेचाळीस वर्षं तो मान डोलावतोय.

वाचनालयात शिरले ती सरळ वॉशिंग्टनच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले.

"आर्डिस, इकडे," व्हर्लिनने हात केला.

"बरोबर जागी आहे मी."

माझ्यासकट आम्ही पाचच जण झालो. "वॉशिंग्टनला एक कमी," ग्रंथपाल लाव्हॉन म्हणाली. "दहा मिनिटं देते. ज्यांना हवेत त्यांनी ओढून न्या यांना."

ट्रूमनच्या कोपऱ्यातला ऑरिन बशी नाचवत आला. "आमच्याकडे ये, चेरी पाई आहे."

"तूच खा," मी म्हटलं.

मग पट्टा सावरत व्हर्लिन आला. "काय चाललंय तुझं? लोक बघतायत. वॉशिंग्टनचं काय एवढं?"

"दोन खेपा झाल्या, लोक राहा म्हणत होते, तरी घरी गेला. याला मी चारित्र्य म्हणते."

"घरी जाण्यात कसलं आलंय नेतृत्व? लिंकन बघ. शेवटच्या दिवसापर्यंत जागा सोडली नाही त्याने."

"नाहीच सोडली. मागे बायको राहिली."

व्हर्लिनचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे त्याच्या गोळ्यांची डबी असते. मला भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, आणि दोन्ही त्याला दिसत होतं.

"वेळ संपली," लाव्हॉन म्हणाली. "व्हर्लिन, तुझ्या कोपऱ्यात जा, मोजायचंय."

तो हलला नाही.

"इथेच मोज मला," तो म्हणाला. "आणि नोव्हेंबरसाठी दुसरा माणूस बघा."

ऑरिनचा चमचा बशीवर वाजला.

"वॉशिंग्टन, सहा," लाव्हॉनने लिहिलं.

मी त्याची बाही धरली. तो माझ्या कानाशी कुरकुरला, "आणि पाण्याचा पाइप फुटला तर? कुणाला उठवणार आहेत हे?"

"ऑरिनला," मी म्हटलं. "तू झोपलेला असशील."